न बुडालेलं मालदीव: एका फॉरवर्डचा समाचार

आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज वर्षातून दोनदा तरी येतो. एकदा मे महिन्यात, घामाने जीव नकोसा झाला की, आणि एकदा कुठल्याशा हवामान परिषदेच्या बातम्या सुरू झाल्या की. मजकूर साधारण असा:

"१९८८ साली पेपरात छापून आलं होतं, मालदीव ३० वर्षांत बुडणार. २०१८ येऊन गेलं, मालदीव जागच्या जागी! उलट बेटं वाढली आहेत, शास्त्रज्ञच सांगतात. तिथे नवे विमानतळ, नवं शहर उभं राहतंय. बुडणाऱ्या जागेत कोणी पैसे घालतं का? समुद्र हजारो वर्षं वरखाली होत आलाय. प्रवाळ सजीव आहे, पाण्याबरोबर तेही वाढतं. पाण्याखाली मीटिंगचं नाटक करून जगाकडून पैसे उकळायचे, एवढाच खेळ. जागे व्हा, पुढे पाठवा."

खाली एका बाजूला जुन्या बातमीचं कात्रण, दुसऱ्या बाजूला निळ्या पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या बंगल्यांचा फोटो.

मेसेज धादांत खोटा असता तर दोन ओळींत निकालात निघाला असता. पंचाईत अशी की त्यातलं बरंचसं खरं आहे. कात्रण खरं, बेटं वाढल्याचे अभ्यास खरे, विमानतळ खरे, पाण्याखालची मीटिंगही खरी. गडबड आहे ती या सगळ्यावरून काढलेल्या निष्कर्षात. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ. आधीच सांगून ठेवतो, दोन-तीन ठिकाणी मला मेसेज लिहिणाऱ्याचं म्हणणं मान्य करावं लागणार आहे.

"१९८८ साली म्हणाले, ३० वर्षांत बुडणार"

कात्रण २६ सप्टेंबर १९८८ च्या 'कॅनबेरा टाइम्स'मधलं आहे. एएफपी वृत्तसंस्थेने मालेहून, म्हणजे मालदीवच्या राजधानीतून, पाठवलेली छोटी बातमी. पहिल्याच वाक्यात म्हटलंय की समुद्राची पातळी हळूहळू वाढते आहे आणि ११९६ बेटांचा हा देश येत्या ३० वर्षांत पूर्ण पाण्याखाली जाण्याचा धोका आहे, असं तिथले अधिकारी सांगतात. फॉरवर्ड करणारे इथेच थांबतात. त्याच बातमीत खाली तिथल्या पर्यावरण विभागाच्या संचालकांचं म्हणणं दिलंय: येत्या २० ते ४० वर्षांत पाणी २० ते ३० सेंटिमीटर चढेल असा अंदाज आहे, आणि बहुतेक बेटं मीटरभराहून उंच नसल्यामुळे त्यांच्यावर अनर्थ ओढवू शकतो.

वीस ते तीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत, फार तर सव्वा. मीटरभर उंचीचं बेट वीतभर पाण्यात बुडत नाही, हे कळायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. अधिकारी 'अनर्थ' म्हणाले आणि पहिल्या वाक्यात त्याची जलसमाधी झाली. तीस वर्षांनी कोणीतरी त्या पहिल्या वाक्यालाच शास्त्र समजलं आणि ते चुकलं म्हणून अख्खं शास्त्र मोडीत काढलं.

मग पाणी प्रत्यक्षात चढलं किती? मालेशेजारच्या हुलहुले बेटावर आणि पार दक्षिणेला गान बेटावर भरती-ओहोटी मोजणारी यंत्रं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. त्या नोंदींनुसार वर्षाला साधारण तीन ते चार मिलिमीटर. साडेतीन दशकांत बारा-तेरा सेंटिमीटर धरा. अर्धी वीत. म्हणजे संचालकांचा अंदाज जास्तच होता, हे कबूल केलं पाहिजे. आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय मंडळाने, १९९० च्या पहिल्या अहवालात जगासाठी धरलेली २०३० पर्यंतची वीसेक सेंटिमीटरची वाढही आता होईल असं दिसत नाही. इथे मेसेजवाल्याला एक गुण द्यायला माझी हरकत नाही. फक्त सोबत हेही टिपून ठेवा: विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत जगभरातला समुद्र वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटरने चढत होता, आणि २००६ ते २०१८ या काळात ३.७ मिलिमीटरने. वेग जवळपास तिप्पट झाला.

त्याच कात्रणात आणखी एक भाकीत आहे, जे आमच्या ग्रुपवरच्या चित्रात कापलेलं असतं: १९९२ पर्यंत पिण्याचं पाणी संपलं तर मालदीवचा अंत त्याआधीच होईल. मला तरी त्या अख्ख्या बातमीतली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते.

प्रवाळी बेटाला नदी नसते, डोंगर नसतो. पाऊस पडतो तो वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं. बेटाच्या पोटात मध्ये जाड आणि कडेला पातळ असा भिंगाच्या आकाराचा साठा तयार होतो. विहीर खणायची ती या भिंगात. कोकणात समुद्राला लागून असलेल्या वाडीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. उपसा जास्त झाला की विहीर मचूळ होते, हे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. मालेत नेमकं हेच झालं. माणसं वाढली, विहिरी उपसल्या गेल्या, सांडपाणी त्याच वाळूत मुरलं, १९७८ मध्ये पटकीची साथ आली. पुढे १९८८ मध्ये मालेत समुद्राचं पाणी गोडं करणारं पहिलं यंत्र बसलं, नंतर त्यांची क्षमता वाढवत नेली, आणि म्हणून १९९२ टळलं. विहिरी बचावल्या नव्हत्या. लोकांनी विहिरीच सोडल्या होत्या.

यंत्रावर जगणं म्हणजे काय, ते ४ डिसेंबर २०१४ ला दिसलं. मालेच्या पाणीप्रकल्पाला आग लागली आणि लाखभर माणसांचे नळ एकदम कोरडे पडले. भोवती नजर जाईल तिथपर्यंत पाणी, आणि पिण्याच्या पाण्यासाठी रांगा. भारताने तेव्हा हवाई दलाच्या विमानांतून आणि 'आयएनएस सुकन्या'वरून पाणी पोचवलं होतं. 'ऑपरेशन नीर' हे नाव काहींना आठवत असेल.

"उलट बेटं वाढली आहेत, शास्त्रज्ञच सांगतात"

सांगतात, खरंच सांगतात. २०१० मध्ये वेब आणि केंच या दोन संशोधकांनी प्रशांत महासागरातल्या २७ बेटांचे जुने-नवे हवाई फोटो ताडून पाहिले, तेव्हा ८६ टक्के बेटं एकतर तेवढीच होती किंवा वाढलेली. तुवालू या प्रशांतातल्या छोट्या देशाची बेटं १९७१ ते २०१४ या काळात एकूण २.९ टक्क्यांनी वाढली. व्हर्जिनी दुवा या संशोधिकेने २०१९ मध्ये हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या ३० कंकणद्वीपांवरच्या (कंकणद्वीप म्हणजे उथळ पाण्याभोवती कड्यासारखी पसरलेली प्रवाळी बेटांची माळ) ७०९ बेटांचा आढावा घेतला, तेव्हा ८८.६ टक्के बेटं स्थिर किंवा वाढती निघाली. "एकेक बेट गिळलं जातंय" असं वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांनी हे आकडे वाचकांपुढे ठेवले नाहीत, आणि त्या मौनाचा फायदा फॉरवर्डवाल्यांनी घेतला.

बेट वाढतं कसं हे समजलं की पुढचा गुंता सुटतो. प्रवाळी बेट म्हणजे खडकाचा उंचवटा नव्हे. खाली प्रवाळांचा कठडा, आणि त्यावर लाटांनी आणून टाकलेला वाळूचा ढीग. ही वाळू डोंगरातून येत नाही, ती तिथल्या जिवांची असते: पोवळ्यांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, चुनखडी शेवाळं. आणि पोपटमासा. पोपटाच्या चोचीसारखे दात असलेला हा मासा प्रवाळ खरवडून त्यावरचं शेवाळ खातो आणि पोटात दळला गेलेला चुना मागून सोडतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती मोजणी झाली, तेव्हा तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची निघाली. ज्या पांढऱ्याशुभ्र मऊ वाळूवर नवपरिणित जोडपी फोटो काढतात, ती बऱ्याच अंशी माशाची विष्ठा आहे. हे मी लग्नाच्या एका हॉलमध्ये सांगितलं होतं. पुन्हा सांगणार नाही.

ही वाळू एका जागी बसत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत ती बेटाच्या एका अंगाला जाते, ईशान्य वाऱ्यांत दुसऱ्या. मोठं उधाण आलं तर लाटा वाळू उचलून बेटाच्या माथ्यावरही फेकतात. पुरेशी वाळू बनत असेल आणि तिला हलायला मोकळी जागा असेल, तर चढत्या समुद्रातही बेट तग धरू शकतं. इथवर मेसेज बरोबर आहे.

आता त्यात न आलेलं. आकाशातून काढलेल्या फोटोत क्षेत्रफळ दिसतं, उंची दिसत नाही. बेट दोन टक्क्यांनी पसरलं म्हणजे दोन बोटं वर आलं असं नव्हे. शिवाय 'स्थिर' म्हणजे हिशेबात स्थिर: पूर्वेकडे जेवढी वाळू गेली तेवढी पश्चिमेला आली. ज्याचं घर पूर्वेला होतं त्याला हा हिशेब सांगून पाहा. मालदीवमध्ये तर कितीतरी बेटांची वाढ थेट भराव घालून झालेली आहे. ती समुद्राच्या खात्यात जमा करता येत नाही. आणि दुवा यांच्याच अभ्यासात असंही आहे की १० हेक्टरांहून मोठं एकही बेट आक्रसलं नाही. म्हणजे आक्रसली ती सगळी छोटी. आपल्याच लक्षद्वीपमधलं बंगारम कंकणद्वीपातलं 'परळी १' पाहा. १९६८ च्या नकाशावर ते ०.०३२ चौरस किलोमीटरचं होतं, म्हणजे तीन-साडेतीन हेक्टर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची नोंद पूर्ण धूप झालेलं बेट अशी झाली. तिथे वस्ती नव्हती, म्हणून गाजावाजाही झाला नाही.

राहिली समुद्र चढला ती अर्धी वीत. तेवढ्याने काय फरक पडतो, हा प्रश्न रास्त आहे. बेटाला लाटांपासून वाचवतो तो प्रवाळांचा उथळ कठडा. खोल समुद्रातून आलेली लाट त्याच्यावर आपटून फुटते, आणि कठड्यावर पाणी जितकं उथळ तितकी लाट लहान होऊन किनाऱ्याला पोचते. कठड्यावरचं पाणी थोडं जरी चढलं तरी प्रत्येक भरतीला जरा मोठी लाट आत शिरते. म्हणून ज्या लाटा एरवी दहा-वीस वर्षांतून एकदा गावात यायच्या, त्या अधिक वेळा येऊ लागतात. मालदीवला चक्रीवादळाचा तडाखा क्वचित बसतो. तिथे पूर येतो तो हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेकडच्या समुद्रातल्या वादळांनी पाठवलेल्या लाटांमुळे. डोक्यावर निरभ्र आकाश आणि अंगणात समुद्र. एप्रिल १९८७ मध्ये माले आणि विमानतळाची अशीच दैना झाली. मे २००७ मध्ये हुवादू कंकणद्वीपातल्या फारेस-माथोडासह कितीतरी बेटांवर पाणी चढलं. समुद्र परत गेला की घरं उभी असतात. पण पाणी वाळूत मुरून त्या गोड्या भिंगात गेलेलं असतं, आणि विहीर पुन्हा गोडी व्हायला पुष्कळ पाऊस पडावा लागतो. मार्शल बेटांवरच्या २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्ष हाच होता: बरीच प्रवाळी बेटं पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी, या शतकाच्या मध्याच्या सुमारास, वारंवार येणाऱ्या लाटांनी आणि नासलेल्या विहिरींनी राहण्याजोगी उरणार नाहीत.

मेसेजच्या एका लांबलचक आवृत्तीत झाडाची गोष्टही असते. निल्स-अॅक्सेल मर्नर नावाचे स्वीडिश भूशास्त्रज्ञ होते. मालदीवजवळचा समुद्र १९७० च्या दशकानंतर वीस-तीस सेंटिमीटर खाली गेला, असं त्यांचं म्हणणं, आणि किनाऱ्यावरचं एकुलतं झाड हा त्यांचा लाडका पुरावा. ब्रिटनचे फिल वुडवर्थ यांनी २००५ मध्ये भरती-ओहोटीच्या आणि हवामानाच्या नोंदी तपासून दाखवलं की एवढी मोठी घसरण त्यांत कुठेच बसत नाही. वीतभर समुद्र उतरला असता तर तो एका झाडाला कळला आणि बंदरातल्या मोजपट्टीला कळला नाही, असं होत नाही.

"नवे विमानतळ, नवं शहर. बुडणाऱ्या जागेत कोणी पैसे घालतं का?"

नवं शहर म्हणजे हुलहुमाले. उथळ पाण्यात वाळू ओतून १९९७ मध्ये ते बनवायला सुरुवात झाली आणि २००४ मध्ये लोक राहायला गेले. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दोन मीटर ठेवली आहे, म्हणजे देशातल्या बहुतेक नैसर्गिक जमिनीहून जास्त. का ठेवली असेल? समुद्र चढणार हे धरूनच. जी गोष्ट धोका नसल्याचा पुरावा म्हणून फिरते आहे, ती धोका ओळखून केलेला बंदोबस्त आहे. छत्री घेऊन निघालेल्या माणसाकडे बोट दाखवून "बघा, पाऊस नाहीच" असं म्हणण्यातला प्रकार.

मालेभोवती जी भिंत आहे तिचंही तेच. १९८७ च्या पाण्यानंतर जपानच्या मदतीने ती टप्प्याटप्प्याने उभी राहिली. मरीन ड्राइव्हवर बसणाऱ्यांना तिच्यातले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे ओळखीचे वाटतील, तेच टेट्रापॉड. २००४ च्या त्सुनामीत मालेचं नुकसान तुलनेने कमी झालं, त्याचं श्रेय या भिंतीला दिलं जातं. पण दोन चौरस किलोमीटरच्या राजधानीभोवती भिंत बांधता येते. देशात वस्ती असलेली बेटंच १८५ हून जास्त आहेत.

बाकी पैसे घालणाऱ्यांचं म्हणाल तर हॉटेलवाला दहा-पंधरा वर्षांत भांडवल वसूल करायचं बघतो. २१०० सालचा समुद्र त्याच्या वहीत नसतोच. नरीमन पॉइंटला फ्लॅट घेणारा तरी कुठे भरतीचे तक्ते बघून घेतो?

"समुद्र हजारो वर्षं वरखाली होत आलाय"

आलाय. आणि हा मुद्दा मला मनापासून आवडतो, कारण त्या निमित्ताने या बेटांच्या इतिहासात डोकावता येतं. तो आपल्याला वाटतो तितका परका नाही.

मालदीवची बेटं भूशास्त्राच्या हिशेबात कोवळी आहेत. दक्षिण माळोस्मडुलु कंकणद्वीपातली बेटं साडेपाच ते साडेचार हजार वर्षांपूर्वी साकारली. त्यानंतरच्या काळात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर वर होता, आणि गेल्या दोन हजार वर्षांतल्या थंड काळांत तो जवळपास पाऊण-एक मीटर खालीही गेला होता. हे सगळं काढलंय पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे "बेटं वाढतात" म्हणणाऱ्या त्याच मंडळींनी. उंच समुद्र या बेटांनी पचवलेला आहे, हे त्यातून दिसतंच.

माणसं इथे दोन हजार वर्षांहून जास्त काळ आहेत. त्यांची दिवेही भाषा आपल्याच भाषाकुळातली, सिंहलीची सख्खी. इंग्रजीतला 'अॅटॉल' शब्द तिच्यातल्या 'अतोळु'वरून आला. शेतकऱ्यांच्या घरात वाढलेल्यांना गंमत वाटेल, तिथल्या कोळ्यांचं वर्षही नक्षत्रांवर चालतं. साधारण तेरा-चौदा दिवसांचं एकेक 'नकाई'. अस्सिदा, बुरुणू, केती, रोनू, मियाहेलिया, अदा, फुनोस: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू. आपल्याकडे मृग लागला की पेरणीची घाई, तिकडे वारं कुठलं आणि मासा कुठे मिळेल याचे आडाखे. ११५३ साली राजाने इस्लाम स्वीकारला असं परंपरा सांगते, त्याआधी बेटं बौद्ध होती. बाराव्या शतकाच्या अखेरचे ताम्रपट अजून आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे काझी होता आणि त्याने काथ्याबद्दल आणि कवड्यांबद्दल लिहून ठेवलंय. 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' म्हणताना आपण ज्या कवडीचं नाव घेतो, तिची मोठी खाण म्हणजे मालदीवचं उथळ पाणी. तिथून ती बंगालच्या बाजारात नाणं म्हणून गेली, आणि पुढे युरोपी जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत, गुलामांच्या व्यापारात.

तर एवढ्या काळात समुद्र हलला आणि माणसं टिकली, मग आताच काय बिघडलं? तेव्हा घर माडाच्या झावळ्यांचं होतं. किनारा सरकला की घर सरकायचं, बेट खचलं की माणसं शेजारच्या बेटावर जायची. लोक थोडे होते आणि बेटं हजारावर. आज तिथे पाच लाखांहून जास्त लोक राहतात, त्यांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास एकट्या माले परिसरात, काँक्रीटच्या आठ-दहा मजली इमारतींत. वाळूला हलायला जागा हवी म्हणालो ना, ती इथे नाही. धक्के, भिंती, भराव यांनी किनारा खिळे ठोकून बसवल्यासारखा झालाय. जुन्या काळात बेट सरकत असे म्हणून ते टिकत असे. आजच्या मालेला ती सोय नाही. आणि तेव्हा समुद्र चढत होता तेव्हा त्याला तोंड द्यायला भोवतीचा प्रवाळ धडधाकट होता.

"प्रवाळ सजीव आहे, पाण्याबरोबर तेही वाढतं"

धडधाकट प्रवाळाचा कठडा वर्षाला काही मिलिमीटर वाढू शकतो, म्हणजे आजच्या समुद्राशी बरोबरी करू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने शाळेतलं भूगोलाचं पुस्तक नीट वाचलेलं दिसतंय. पण सजीव आहे म्हणूनच तो मरतोही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तर पोवळं आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्या शेवाळावरच त्याचं पोट. उष्मा टिकला तर ते उपाशी मरतं.

१९९८ च्या एल निन्योत मालदीवच्या उथळ पाण्यातला बहुतेक प्रवाळ असा गेला. कितीतरी ठिकाणी जिवंत प्रवाळ पाच टक्क्यांच्याही खाली आला. पंधरा-सतरा वर्षांत तो बऱ्यापैकी सावरला. मग २०१६ आलं. दक्षिणेकडच्या गाफू दालू भागात ज्या कठड्यांवर आधी दर चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे सहा किलो चुनखडी जमा होत होती, तिथे त्या वर्षानंतर सुमारे तीन किलो वजा होऊ लागली. कठडा वाढायचा थांबला एवढंच नाही, तो झिजायला लागला. शेजारच्या लक्षद्वीपमध्ये अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथे १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळ ३७ टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर आला. तीन मोठे उष्मे, आणि प्रत्येक वेळी सावरायला मिळालेला अवधी अपुरा. त्यानंतर २०२४ मध्ये पुन्हा एक जागतिक उष्मा येऊन गेला.

यात एक चकवा आहे. प्रवाळ मेला की पोपटमाशांना खरवडायला भरपूर मिळतं, आणि काही वर्षं वाळू उलट जास्त बनते. बेट तेवढ्यापुरतं गुटगुटीतही दिसेल. घर विकून आलेल्या पैशांत दिवाळी साजरी करण्यासारखं ते आहे.

आणि समजा, प्रवाळ जगला. तरी प्रवाळ जगणं आणि बेट जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरण आपल्याच दारात आहे. विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. चाळीसेक किलोमीटर लांबीचं पठार, त्यावर जिवंत प्रवाळ, रंगीत मासे, सगळं काही. फक्त त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून खाली होता, तेव्हा हे पठार कोरडं असणार. आज तिथे सूर मारायला जाता येतं, राहायला नाही.

"पाण्याखाली मीटिंगचं नाटक"

नाटकच होतं. १७ ऑक्टोबर २००९, गिरिफुशी बेटाजवळ, अध्यक्ष मोहम्मद नशीद आणि त्यांचे मंत्री पाठीवर टाक्या बांधून पाच-सहा मीटर खाली बसले, हातवारे करत अर्ध्या तासाची बैठक झाली आणि एका पत्रकावर सह्या झाल्या. कोपनहेगनची हवामान परिषद दोन महिन्यांवर होती. नाटक नाही असं नशीद यांनीही म्हटलं नसतं. त्याच्या साधारण वर्षभर आधी त्यांनी जाहीर केलं होतं की पर्यटनाच्या पैशातून भारतात किंवा श्रीलंकेत जमीन घेऊन ठेवू. ती घेतली गेली नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या फोटोने जगाच्या मनात 'मालदीव म्हणजे बुडणारा देश' हे चित्र पक्कं केलं, आणि आता कोणीही समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून "कुठे बुडालाय?" म्हणून विचारू शकतो. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मालदीवचे तेव्हाचे अध्यक्ष मामून अब्दुल गयूम यांनी केलेलं भाषण, नोव्हेंबर १९८९ मध्ये मालेत भरलेली छोट्या बेटराष्ट्रांची परिषद, ही कामं जास्त वजनाची होती. त्यांत फोटो काढण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्यातुकड्यांनी लिहिलं. पुणेकर मित्राचं उत्तर आलं: "बरं, मग नक्की कधी बुडणार ते सांग, तारीख लिहून ठेवतो." त्याला मी मालदीवमधल्या 'रा' नावाच्या कंकणद्वीपातल्या कंडोलहुदू बेटाचं नाव पाठवलं. छोटंसं बेट, दाटीवाटीने राहणारी जवळपास चार हजार माणसं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तिथलं एकही घर राहण्यालायक ठेवलं नाही. त्सुनामी हवामानबदलाने येत नाही, हे त्याला आधीच सांगितलं, नाहीतर तो तेवढंच पकडून बसला असता. लोक चारेक वर्षं इतर बेटांवरच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले आणि मग दुवाफारू नावाच्या रिकाम्या बेटावर त्यांचं नवं गाव वसलं. कंडोलहुदू आजही नकाशावर आहे. उपग्रहाच्या चित्रात त्याचा किनाराही दिसतो, आणि क्षेत्रफळ मोजायला गेलं तर ते 'न बुडालेलं' याच रकान्यात जाईल.

मित्राने अंगठा दाखवला. पुढच्या मे महिन्यात मेसेज पुन्हा येईलच.